पंचनाम्याच्या वेळी आपला माणूस कुठे असतो?



पेण तालुक्यातले डोलवी हे गाव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले नाही. मुंबई-गोवा रस्त्याला लागून, धरमतरच्या खाडीकाठी ते आहे. मुलूख भाताचा; तिथे कापूस नाही की ज्वारी नाही. आज त्या गावाचे नाव पोलादाच्या मोठ्या कारखान्यामुळे घेतले जाते. मग जिल्हा बैठकीच्या अंकात आपण डोलवीचे नाव कशासाठी काढायचे?

एक कारण उघड आहे. पाऊस दगा देतो, भाव त्याहून मोठा दगा देतो, आणि घरातला धाकटा पोरगा बॅग भरून ठेकेदाराच्या मागे निघतो. डोलवीसारख्या कारखान्यात, वीटभट्टीवर, पुलाच्या कामावर. तिथे त्याच्या अंगावर काही कोसळले तर मृतदेहाशेजारी उभा राहून कागद लिहून घेणारा परका आणि कागदावर सही करणाराही परका. बाप गाडी बदलत बदलत पोहोचेपर्यंत कागद पुरा झालेला असतो.

दुसरे कारण कायद्याचे आहे. धरमतरची खाडी पुढे मुंबईच्या बंदराला मिळते. १९९९ सालापर्यंत डोलवीतला जखमी माणूस पेणला दगावला तर त्याच्या मरणाची चौकशी एका कायद्याने होई, आणि मुंबईच्या इस्पितळात नेल्यावर दगावला तर दुसऱ्या कायद्याने. माणूस तोच, जखम तीच. खाडी ओलांडली की कायदा बदलत असे.

मुंबईत कोरोनर नावाचा अधिकारी होता. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून मुंबई, कलकत्ता अशा शहरांसाठी ही व्यवस्था बांधली. संशयास्पद, अपघाती किंवा आकस्मिक मृत्यू झाला की कोरोनर चौकशी करी. साक्षीदारांना बोलावून शपथेवर त्यांच्या जबान्या घेई. कायद्यात ज्युरीचीसुद्धा तरतूद होती. मेलेल्याच्या बाजूने ते एक प्रकारचे कोर्टच होते. हे कोर्ट शहरापुरते. शहराच्या वेशीबाहेर पडले की कोर्ट संपले आणि फौजदाराचा पंचनामा सुरू झाला. १९९९ साली मुंबईतले कोरोनरचे पदही बंद झाले. म्हणजे खेड्याला शहराच्या पंगतीत बसवायचे सोडून शहराला खेड्याच्या पंगतीत आणले गेले.

कोरोनर परत आणा, अशी मागणी आम्ही करीत नाही. आमचा प्रश्न साधा आहे. आज जी चौकशी होते ती कशी होते, तिच्यात मेलेल्याच्या बाजूने कोण उभे असते आणि वकील उभा करता येतो का?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. जुने कलम १७४ आता १९४ झाले, जुने १७६ आता १९६ झाले. आकडे बदलले, सांगाडा तोच राहिला.

आत्महत्या, खून, जनावराने किंवा यंत्राने आलेले मरण, अपघात, किंवा गुन्ह्याचा संशय यावा असे मरण कळले की ठाण्याच्या अधिकाऱ्याने जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे व्यवहारात बहुधा तहसीलदाराला, ताबडतोब कळवायचे आणि स्वतः मृतदेह असेल तिथे जायचे. आसपासच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष अंगावरच्या जखमा, मोडलेली हाडे, वळ, खुणा पाहायच्या, त्या कशाने झाल्यासारख्या दिसतात ते लिहायचे आणि मृत्यूचे दिसणारे कारण नोंदवायचे. हाच मरणोत्तर पंचनामा. पोलीस त्याला इन्क्वेस्ट म्हणतात. ठाण्यात त्याची आकस्मिक मृत्यू म्हणून नोंद होते. विदर्भात लोक 'मर्ग दाखल झाला' म्हणतात. नव्या संहितेप्रमाणे हा अहवाल २४ तासांच्या आत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जायला हवा.

आता एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या, कारण ती पंचाला कुणी सांगत नाही. कायदा म्हणतो की अहवालावर पोलीस अधिकाऱ्याने आणि पंचांपैकी जे त्याच्याशी सहमत असतील त्यांनी सही करायची. म्हणजे सहमत नसलेल्या पंचाने सही करण्याचे बंधन नाही. आपल्याकडे पंच म्हणजे चहाच्या टपरीवरून हाक मारून आणलेला माणूस. कागद वाचून दाखवला जात नाही, 'इथे सही कर' म्हटले की तो करतो. शेजाऱ्याच्या आयुष्याचा शेवटचा हिशेब आपण न वाचता मान्य करतो. सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठा उठवण्याची सवय आपल्याला कुठे घेऊन गेली ते आपण जाणतो. पंचनाम्याची गत वेगळी नाही.

या पंचनाम्याला मर्यादा आहे, तीही समजून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पेद्दा नारायण खटल्यात सांगितले की या चौकशीचा हेतू मरण संशयास्पद किंवा अनैसर्गिक आहे का आणि असल्यास दिसणारे कारण काय, एवढे पाहण्याचा आहे. कुणी मारले, कसे मारले, हे त्यात ठरत नाही. तेव्हा पंचनाम्यात संशयिताचे नाव आले नाही म्हणून सारे संपले असे कुणी समजू नये. दखलपात्र गुन्ह्याची माहिती असेल तर वेगळी फिर्याद देता येते, आणि ती नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा ललिता कुमारी खटल्याचा २०१३ चा निकाल आहे. 'आकस्मिक मृत्यूची चौकशी चालू आहे, ती संपू द्या' हे फिर्याद न घेण्याचे कारण होऊ शकत नाही.

कोर्टात पंचनाम्याची किंमत एवढी मर्यादित, पण सरकारी कचेरीत तोच कागद वेद होऊन बसतो. तिथे खरी मेख आहे.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर कुटुंबाला १ लाख रुपये मदत देण्याचे राज्य सरकारने २००६ सालच्या निर्णयाने ठरवले. ती कुणाला द्यायची हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पाहते. जमीन नावावर आहे का, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे की परवानाधारक सावकाराचे, ते थकले होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून 'पात्र' की 'अपात्र' असा शिक्का बसतो. समितीपुढे जाणाऱ्या कागदांत पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल असतोच. पंचनाम्यात 'दारूच्या नशेत', 'पोटदुखीला कंटाळून', 'घरगुती कारणावरून' एवढी एक ओळ पडली की विधवेने पुढे कितीही सातबारे आणि नोटिसा दाखवल्या तरी त्या ओळीशी झगडत बसावे लागते. ज्या माणसाने मयताला जिवंतपणी कधी पाहिले नाही, त्याने अर्ध्या तासात लिहिलेली ती ओळ असते.

दुसरे उदाहरण घ्या. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेत अपघाती मरणाला २ लाख रुपयांचे अनुदान आहे. वीज पडणे, सर्पदंश, विजेचा धक्का, औषध हाताळताना झालेली विषबाधा हे सारे त्यात येते. आत्महत्या येत नाही. कपाशीवर फवारणी करताना नाकातोंडातून आणि कातडीतून विष भिनून माणूस मेला, आणि पंचनाम्यात 'विषारी औषध प्राशन केल्याने' असे शब्द पडले, की अपघाताची आत्महत्या झाली. 'प्राशन' हा एक शब्द घराला २ लाखांना पडतो. वर पोरांच्या कपाळी बापाने जीव दिल्याचा खोटा डाग बसतो, तो वेगळाच.

आणि कागद नीट लिहिला गेला तर तो किती लांब जातो, हेही आपणच पाहिले आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. सुरुवातीला दोष आपल्यालाच दिला गेला: तोंडाला फडके बांधले नाही, वाऱ्याची दिशा पाहिली नाही. पण पोलिसांच्या नोंदींत काही ठिकाणी औषधाचे नाव लिहिले गेले होते. २०२० साली स्वित्झर्लंडमधल्या पब्लिक आय या संस्थेने त्या नोंदी उजेडात आणल्या. विषबाधेच्या ९६ प्रकरणांत एका स्विस कंपनीच्या औषधाचे नाव होते आणि त्यांपैकी दोघे मेले होते. त्या आधारावर दोन विधवा आणि एक वाचलेला शेतकरी यांनी थेट बासेलच्या न्यायालयात दाद मागितली. कंपनीने जबाबदारी नाकारली. वाद कुठे जायचा तो जावो. पण डब्यावरचे नाव नोंदवहीत उतरले नसते तर वाद घालायला तरी काय उरले असते? म्हणून फवारणीनंतर कुणी आजारी पडला तर औषधाचा डबा फेकू नका. नाव आणि बॅच नंबर दवाखान्यात सांगा, केसपेपरवर लिहून घ्या आणि पुढे वाईट घडलेच तर तो डबा पंचनाम्यात दाखवा.

आता वकिलाचा प्रश्न. पोलिसांच्या पंचनाम्याच्या जागी वकिलाने उभे राहून उलटतपासणी घ्यावी, अशी सोय कायद्यात नाही. पण कुटुंबाने जाणता माणूस सोबत आणायला मनाईही नाही. काय लिहिले जात आहे ते ऐकणे, राहून गेलेली खूण दाखवणे, आपले म्हणणे लेखी देऊन पोच घेणे हे वकिलालाच काय, सातवी शिकलेल्या कार्यकर्त्यालाही जमते.

खरी वाट पुढच्या कलमात आहे. कलम १९६ प्रमाणे अशा कुठल्याही मरणाची चौकशी पोलिसांऐवजी किंवा पोलिसांच्या जोडीला दंडाधिकारी स्वतः करू शकतो. लग्नाला सात वर्षे पुरी व्हायच्या आत सुनेने आत्महत्या केली किंवा ती संशयास्पद रीतीने मेली, तर दंडाधिकाऱ्याने चौकशी करणे सक्तीचे आहे. कोठडीतल्या मरणाची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची आहे. बाकीच्या मरणांत, म्हणजे कारखान्यातल्या, शेतातल्या, रस्त्यावरच्या, ती मागावी लागते. मागितल्याशिवाय आपल्याला काही मिळाल्याचे आठवते का? मग हेही मागा. तहसीलदाराकडे आणि प्रांताकडे लेखी अर्ज द्या.

या चौकशीत दंडाधिकारी साक्षीपुरावा घेतो. मृतदेह पुरलेला असेल तर तो उकरून तपासण्याचा हुकूम देऊ शकतो. आणि आईवडील, मुले, भाऊ, बहीण, नवरा-बायको यांना शक्य तिथे कळवून चौकशीला हजर राहू देण्याचे बंधन त्याच्यावर आहे. 'तुम्ही बाहेर थांबा' असे बायकोला किंवा बापाला म्हणता येत नाही.

नातेवाइकांचा वकील असा शब्द या कलमात नाही. पण वकिलांच्या १९६१ च्या कायद्यातले कलम ३० आहे, ते १५ जून २०११ पासून लागू झाले. कायद्याने पुरावा घेण्याचा अधिकार असलेल्या कुठल्याही व्यक्तीपुढे वकिलाला काम चालवण्याचा हक्क त्याने दिला आहे. पुरावा घेणारा दंडाधिकारी त्यात बसतो, असे आपल्या वकिलाने पहिल्याच दिवशी लेखी मांडावे आणि नकार मिळाला तर तो लेखी मागावा.

वकील असण्याने काय फरक पडतो, ते परभणीने दाखवले. परभणी आपल्याच कापूस-ज्वारीच्या पट्ट्यातली. १५ डिसेंबर २०२४ रोजी कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. हृदयविकाराचे कारण पुढे केले गेले; शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा निघाल्या. दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत पोलिसांवर ठपका आला. तरीही गुन्हा आपोआप दाखल झाला नाही. आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली, तिच्या बाजूने प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. चौकशीचा कागद बरोबर होता, पण तो हलवायला एक आई आणि एक वकील लागला. एकट्या कागदाला पाय नसतात.

हे आपल्याच देशाचे दुखणे आहे असे नाही. कोरोनरची पद्धत जिथून आली त्या इंग्लंडची गोष्ट ऐका. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉलच्या सामन्याला आलेली माणसे चेंगरून मेली. कोरोनरपुढच्या पहिल्या चौकशीत पोलिसांच्या बाजूने वकिलांची फौज होती, तर कुटुंबांनी आपसात वर्गणी काढून मिळून एक वकील दिला. १९९१ साली निकाल लागला: अपघाती मृत्यू. दोष दारू प्यालेल्या प्रेक्षकांवर लोटला गेला होता. कुटुंबे हटली नाहीत. २०१२ साली तो निकाल रद्द झाला आणि नव्या चौकशीत, पुरेसे वकील दिमतीला असताना, एप्रिल २०१६ मध्ये ज्युरीने सांगितले की ९६ माणसे बेकायदा मारली गेली आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. मधली २७ वर्षे आयांनी मेलेल्या पोरांवरचा दारूचा डाग पुसण्यात घालवली. 'दारूच्या नशेत' ही ओळ तिकडेही तशीच स्वस्त आहे.

वकिलाला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खोटा नाही. मयतीच्या घरी दिवसांच्या खर्चालाच उसनवारी असते. पण १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून देशभर लागू आहे. त्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. म्हणजे नवरा गेलेली प्रत्येक बाई आणि मुलगा गेलेली प्रत्येक आई या हक्काची धनी आहे. अर्ज तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करायचा. बाईच्या नावाने अर्ज करा. सातबारावर तिचे नाव नसेल, पण या कायद्यात आहे.

काही जण म्हणतील, माणूस तर गेला, आता त्याच्या मढ्यावर कागद कशाला रंगवायचे? पोलीस नाराज होतील, प्रेत ताब्यात मिळायला उशीर होईल, गावात चर्चा होईल. ही भीती आम्हाला कळते. प्रेत दारात असताना कुणाला कायदा सुचत नाही, आणि सुचू नये हेच माणुसकीचे आहे. म्हणूनच हे काम घरच्यांवर सोडून चालणार नाही. तिरडी बांधायला गाव न बोलावता येते. तसेच पंचनाम्यालाही आले पाहिजे.

आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. मदतीचे आकडे आम्ही लिहिले ते हक्काचे म्हणून. जिवाची किंमत म्हणून नव्हे. १ लाख किंवा २ लाखांत बाप परत येत नाही आणि कर्जही फिटत नाही. मन खचलेल्या भावाजवळ आधी जिवंतपणी बसा. त्याच्या मरणाचा कागद चांगला लिहून घेण्यापेक्षा तो कागद लिहायची वेळच न येणे, हे संघटनेचे पहिले काम.

या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवीत आहोत. प्रत्येक गावातून दोन माणसे ठरवा, त्यांत एक बाई असावी. अवचित मरण झाले की ती पंचनाम्याच्या जागी जातील, कागद वाचून घेतल्याशिवाय गावातला कुणी पंच सही करणार नाही हे पाहतील. पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या नकलेसाठी त्याच आठवड्यात लेखी अर्ज जाईल. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात जाईल. परगावी कामाला जाणाऱ्या प्रत्येक पोराचा ठेकेदार, कारखाना आणि तिथले पोलीस ठाणे यांची नोंद घरात आणि शाखेत राहील. डोलवी असो की आणखी कुठले गाव, निरोप आला की तिथल्या जवळच्या कार्यकर्त्याला फोन जाईल आणि बाप पोहोचेपर्यंत तो तिथे उभा राहील. आणि प्रत्येक तालुक्यात एक वकील असा जोडून ठेवायचा, की जो रात्री फोन उचलेल आणि दंडाधिकाऱ्याच्या चौकशीचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर ठेवील.

सरकारकडे मागणी एकच करायची. शेतात, कारखान्यात किंवा कोठडीत मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला पंचनाम्याची नक्कल न मागता, फुकट आणि तीन दिवसांत मिळाली पाहिजे. आणि दंडाधिकाऱ्याच्या चौकशीत वारसाचा वकील हजर राहील, हे कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिले गेले पाहिजे.

शेतकऱ्याच्या जन्माची नोंद दाईने सांगितली तशी झाली, त्याच्या कापसाची प्रत व्यापाऱ्याने ठरवली, त्याच्या कर्जाचा हिशेब बँकेने लिहिला. निदान त्याच्या मरणाचे कारण तरी त्याला ओळखणाऱ्या माणसांसमोर लिहिले जावे. ठरावावर चर्चा करा, दुरुस्त्या सुचवा, आणि गावाला परतण्याआधी आपल्या गावची दोन नावे देऊन जा.